मायेतला धागा

१

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘सर्व प्रकारचे रफू करून मिळेल’ असं लिहिलंय. त्यातलं ‘सर्व प्रकारचे’ मी मागाहून घालून घेतलं. पाटी रंगवणारा विचारत होता, बाई, असे प्रकार तरी किती? म्हटलं, तू रंगव, प्रकारांचं मी बघते. तेव्हापासून गिऱ्हाइकाला बसवून ठेवायला मी प्रकार सांगत आलेय. आमच्या आईनं एका पहारेकऱ्याची फाटलेली झोप रफू करून दिली होती. मी स्वतः एका जोडप्याच्या भांडणाला इतका बारीक टाका घातला, की भांडण कुठे होतं तेच दोघांना सापडेना. करमेना म्हणून महिन्याभरात उसवून घ्यायला आले. आमच्या घरातल्या बायका मुळात चेटकिणीच, असं मी सुई ओवता ओवता सांगते आणि गिऱ्हाईक हसता हसता घड्याळाकडे बघायचं विसरतं.

थापा मारायची मला लाज वाटत नाही. एवढंच, की माझी थाप मला ओळखू येते. आपण केलेलं रफू जगाला दिसलं नाही तरी आपल्या बोटाला लागतं, तसं. पुढचं जे आहे त्यावरून मी पुष्कळदा बोट फिरवून पाहिलंय. ते माझं नाही.

आधी काम समजून घ्या. कपड्याला भोक पडलं की बाहेरचा धागा चालत नाही. कितीही जुळवा, उजेडात दगा देतो. धागा त्याच कपड्याचा लागतो. म्हणून कपडा उलटा करायचा आणि शिवणीच्या आत शिंप्यानं जे जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्यातून एकेक धागा उपसायचा. त्या जास्तीच्या कापडाला धंद्यात ‘माया’ म्हणतात. तिथून काढलं तर वरून कुणाला कळत नाही. त्या धाग्यानं भोकावर उभं-आडवं विणायचं आणि शेवटी गाठ मारायची नाही. रफूला गाठ नसते. मारली की आतून खडा होतो आणि अंगाला टोचतो.

तर त्या दिवशी शेजारचे दातांचे डॉक्टर आपला राखाडी कोट काखेत मारून आले.

“मावशी, पाठीत काहीतरी टोचतंय.”

“तुम्ही दिवसभर लोकांना टोचता, त्याचं काय?”

“चेष्टा नको. कालच नेलाय तुमच्याकडून. हात लावून बघा.”

मी अस्तर बाजूला केलं. रफू सुंदर होतं. आणि त्याच्या टोकाला, मोहरीएवढी, एक गाठ होती. मी भिंग लावलं. गाठीचा पीळ उलटा होता. डाव्या हातानं मारलेल्या गाठीचा असतो तसा.

आमच्याकडे डाव्या हाताची एकच होती. मागच्या खोलीत पायमशीनवर बसायची, आम्ही तिला डावरीच म्हणायचो. ती थंडी संपता संपता गेली. आणि डॉक्टरांचा कोट खिळ्याला अडकून फाटला तो मागच्या आठवड्यात.

२

“ठके, हा कोट कुणी केला?”

“मी.”

ठकी म्हणजे माझी भाची. बहिणीची मुलगी, काम शिकायला माझ्याकडे राहिलेली, विशीच्या अलीकडची. लहानपणी लाकडी ठकी बाहुलीसारखी बसवाल तिथे बसायची म्हणून ते नाव. ती उजव्या हाताची आहे. मी भिंग तिच्यापुढे सरकवलं. तिनं पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला कळलं नाही. घाबरली असती तर कळलं असतं.

“चुकून पडली असेल,” ती म्हणाली आणि गाठीवरून हळूच अंगठा फिरवला.

मी स्वतःला समजावलं. ठकी आणि डावरी एका टेबलावर शिकल्या, एकीची खोड दुसरीला लागते. दुःखात माणूस गेलेल्याचं चालणं चालतं, त्याच्यासारखं खोकतं. हात नाही का उलटा फिरणार?

डावरीला मशीन सोडून रफू शिकायचं वेड ठकीमुळेच लागलं होतं. दुपारी दोघी खिडकीपाशी एकाच कपड्यावर वाकून बसायच्या. एक डावी, एक उजवी, त्यामुळे कोपराला कोपर लागायचं नाही, तरी लागायचं. आणि डावरी दर वेळी शेवटी गाठ मारायची.

“डावरे, गाठ!”

“हात जातोच हो, मावशी. आम्ही मशीनवाले, शेवट बांधल्याशिवाय उठायची सवय नाही.”

“रफूला लागत नाही.”

“पण मग सुटणार नाही कशावरून?”

“कापड धरून ठेवतं.”

“आणि कापडानं सोडलं तर?”

“नाही सोडणार,” ठकी म्हणाली. मान खाली, सुई चालू. कान मात्र लालभडक.

मला कळलं होतं. न दिसणारं बघणं हाच आमचा धंदा. विचारलं नाही, कारण काही फाटलेलं नव्हतं. चांगल्या कपड्याला सुई कशाला लावा?

मग पुलाच्या उतारावर डावरीची सायकल घसरली आणि संपलं. आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. खोलीभर माणसं, मध्ये चादरीखाली डावरी, भिंतीला टेकून तिची आई. त्या माउलीनं ठकीकडे पाहिलं. ठकीचं तोंड असं झालं होतं, की कुणीही विचारलं असतं.

“तू कोण गं, बाळ? तिची…?”

तो प्रश्न तिनं तसाच उघडा ठेवला. आत जायला जागा होती. सगळी खोली ठकीकडे बघत होती.

“मी दुकानातली,” ठकी म्हणाली.

परतताना ती सबंध वाट माझ्या पुढे चालली. एकदाही वळली नाही. मी मागून बघत होते. तिच्या उजव्या हाताची बोटं हवेत काहीतरी उसवत होती.

३

दुपारी आम्ही दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून घेतो. मी बाहेरच्या बाकावर पाठ टेकते, ठकी आत असते. डावरी गेल्यापासून मागची मशीन बंद. चाक फिरवणारा तिचा चामड्याचा पट्टा मीच काढून खुंटीला अडकवला होता, कारण बिनमाणसाची मशीन बघवत नव्हती.

कोटाच्या दुसऱ्या दिवशी डोळा लागता लागता मला मशीन ऐकू आली.

पायडल पडतंय. चाक फिरतंय. जरा थांबली, उलटा अर्धा फेरा घेतला, पुन्हा पुढे. प्रत्येक मशीनवाल्याची चाल वेगळी असते. ही थांबायची खोड डावरीची होती, शिवणीचं तोंड पक्कं करायची.

मी उठले नाही. आधी विचार केला, पलीकडे पिठाची गिरणी आहे. मग आठवलं, गिरणी दुपारी बंद असते. मग वाटलं, पाण्याचा पंप. पंप काही थांबून उलटा फेरा घेत नाही. मी चप्पल न घालता आत गेले. पडदा सारला आणि आवाज थांबला. मध्येच, टाका अर्धा असताना.

ठकी जमिनीवर बसली होती, पाठ मशीनला टेकून. हात मांडीत, रिकामे. पट्टा खुंटीवरच होता. सुईखाली कापड नव्हतं. मी चाकावर हात ठेवला. ते कोमट होतं. माणूस नुकताच उठून गेलेल्या खुर्चीसारखं.

“मावशी,” ठकीनं वर पाहिलं. इतक्या आठवड्यांत ती पहिल्यांदा हसत होती. “तुलापण ऐकू आलं?”

मी जन्मभर खोटं बोलले, पण नेमकं तेव्हा सुचेना.

“आलं,” मी म्हटलं.

“मग मी वेडी नाहीये,” असं म्हणून ती गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली, आनंदानं.

४

ती विरत चालली होती, हे मला त्यानंतर दिसायला लागलं. आधी वाटलं, पोरगी जेवत नाही, वाळली. पण वाळणं वेगळं आणि विरणं वेगळं. जुनी चादर उजेडासमोर धरली की तिच्यातून खिडकीचे गज दिसायला लागतात ना, तसं. सकाळी ती दारात उभी राहून केस बांधत होती आणि उचललेल्या हातातून मला समोरच्या पाटीची अक्षरं लागली. पुसट, पण वाचता येत होती. मी चष्मा पुसला. पुन्हा लागली.

तिच्या आईचा फोन आला. ठकीनं घेतला, ऐकलं, आणि मला दिला. “कुणीतरी बाई आहेत. तुझ्याकडे काम आहे वाटतं.”

बहिणीला म्हटलं, तिचा घसा बसलाय, कानातही दडे बसलेत. फोन ठेवला आणि ठकीला खिडकीपाशी बसवलं.

“कुठून उपसतेस?”

तिनं बाहीची कड खाली ओढली.

“ठके, मी तुझी मावशी आहे आणि रफूवाली आहे. कुठून उपसतेस ते सांग.”

“मायेतून,” ती म्हणाली. सरळ, जसं काम सांगावं तसं. “आतून. जिथून वरती दिसत नाही तिथून. पोहायला शिकले होते ना लहानपणी, ते काढलं आधी. ते काही रोज लागत नाही. मग शाळेची वाट. मग लहानपणचे वास.”

“आणि आईचा आवाज?”

ती दचकली. आपलंच कपाट उघडावं आणि आत काही नसावं, तशी. “तो काढायचा नव्हता,” ती हळूच म्हणाली. “जवळजवळ असतात गं धागे. एक ओढला की…”

“तुला हे शिकवलं कुणी?”

“तूच तर सांगतेस सगळ्यांना. सर्व प्रकारचे.”

“अगं, त्या गोष्टी गं! गिऱ्हाइकांसाठी!”

“हो? मग मला कसं जमतं?”

माझ्यासमोर बसलेली ती पोर, जिला तिसरीत असताना मी गमतीत सांगितलं होतं की आपण चेटकिणी, ती एकटीच खरी निघाली.

“गेलेल्या माणसाला टाका घालता येत नाही,” मी म्हटलं. “धागा त्याच कपड्याचा लागतो. तिचा तू कुठून आणणार?”

“आम्ही एकाच ताग्यातल्या होतो, मावशी.” हे बोलताना तिचा आवाज इतका पातळ झाला की खिडकीबाहेरचं कबुतर त्यातून ऐकू आलं. “रंग जुळतो. कुठे जोडलंय ते कळतसुद्धा नाही. अजून थोडंच राहिलंय. चेहरा राहिलाय फक्त.”

“आणि तू किती राहिलीयस?”

तिनं खांदे उडवले. “त्या दिवशी एवढे सगळे बसले होते. तिच्या आईनं विचारलं आणि मी म्हटलं, दुकानातली. ती तिथेच होती गं, चादरीखाली. तिनं ऐकलं असेल. एवढ्यासाठी तरी तिला यायला हवं. मला ते परत घ्यायचंय.”

५

दुकानाच्या कोपऱ्यात कपडे घालून बघायची जागा आहे. पितळी कड्यांवरचा निळा पडदा, आत आरसा, कपडे टांगायला दोन खिळे. त्या दुपारी मी दरवाजा पूर्ण ओढून घेतला आणि वळले, तर पडदा बंद होता. ठकी त्याच्या अलीकडे स्टुलावर बसली होती, हात पुढे करून. तिच्या मनगटातून काहीतरी निघून पडद्याखाली गेलेलं होतं. दिसत नव्हतं. पण भरलेली सुई जेव्हा कापडातून ओढतो, तेव्हा जो बारीक सरसर आवाज येतो, तो येत होता. न थांबता.

आत कुणीतरी उभं होतं. पडद्याखाली पाय दिसत नव्हते. पण पडदा मोकळा पडावा तसा पडला नव्हता.

“ओढून घे,” मी म्हटलं. आवाज दुकानातलाच काढला. “ठके, ऐक. रफूला गाठ नसते. एक हिसका दिलास की सगळं परत येईल. ओढ!”

“नको.”

“तुझ्यातून मला भिंत दिसतेय गं! हात जोडते. ओढ.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते, आणि मी रडते हे तिनं कधी बघितलं नव्हतं. कदाचित त्यामुळे असेल, तिनं डोळे मिटले आणि हात मागे ओढला.

तो आला नाही.

पुन्हा ओढला. पडदा आतून ताणला गेला, कड्या किणकिणल्या, हात जागच्या जागी.

“गाठ आहे,” ठकी म्हणाली. पहिल्यांदाच घाबरून. “मावशी, तिकडून गाठ मारलीय.”

मी कात्री उचलली आणि तशीच खाली ठेवली. कुठे कापायचं? ठकी कुठे संपत होती ते मला दिसत नव्हतं. सरसर आवाज आता वाढला होता. आणि पडद्याच्या कडेवर, आतल्या बाजूनं, चार बोटं आली.

डावा हात. आकार डावरीचाच, मधल्या बोटाचं नख मशीनच्या सुईनं तुटलेलं. पण कातडी विणलेली होती. उभं-आडवं, उभं-आडवं, इतकं बारीक की माझ्या आईलाही जमलं नसतं. आणि रंग ठकीचा होता. ठकीच्या कोपरावर इस्त्रीचा एक जुना डाग आहे. तो तुकड्यातुकड्यांनी त्या बोटांवर विणला गेला होता.

यापुढे मी काय केलं ते कुणालाही सांगितलं की हसतात. मला दुसरं काही येत नव्हतं. मी ओरडले.

“डावरे! किती वेळा सांगितलंय तुला, रफूला गाठ मारायची नाही म्हणून!”

सरसर थांबली.

बोटं पडद्यावर तशीच राहिली, पण खांदे पाडून उभं राहावं तशी सैल झाली. माझी बोलणी खाताना ती अशीच उभी राहायची. मी तिला फारच बोलायचे. काम चांगलं होतं तिचं. तेही मी मग सांगितलं, त्या पडद्याला. मग ठकीचा खांदा धरला. हातात धरण्यासारखं फार नव्हतं.

“सांग तिला,” मी म्हटलं. “ती इथे आहे तोवर. काय परत घ्यायचं होतं ते घे.”

ठकी स्टुलावरून उतरली. पडद्यापाशी जाऊन जमिनीवर बसली, दुपारी मशीनला टेकायची तशी.

“मी दुकानातली नव्हते,” ती म्हणाली. “त्यांनी विचारलं आणि मला इतकी लाज वाटली. तुझी नाही गं. माझी. मी अशी आहे याची. तू गेली होतीस आणि मला लोक काय म्हणतील ते दिसत होतं.” तिनं श्वास घेतला. “मी तुझी होते. तू माझी होतीस. मला बाकी कुणासारखं व्हायचं नव्हतं, फक्त तुझ्या शेजारी बसायचं होतं. आता सांगेन. कुणीही विचारलं तरी. पण तू जर मला सगळीच नेलीस, तर सांगायला कोण राहील?”

मग आतून एक आवाज आला, तो मी कुठेही ओळखेन. नखानं बारीक गाठ सोडवताना येतो तो. टक्. थांबून पुन्हा टक्. डावरीचं नख तुटकं, तिला गाठी सोडवायला नेहमी वेळ लागायचा. ठकी कपाळ पडद्याला टेकून बसली होती, आणि पलीकडून कुणीतरी तिथेच कपाळ टेकल्यासारखा पडदा तिच्या बाजूला आला होता.

मग तो सपाट झाला.

मी पडदा सारला. दोन खिळे, आरसा. आरशात मी, आणि मांडीत दोन्ही हात घेऊन बसलेली माझी भाची. पूर्ण. भिंत दिसत नव्हती.

६

एकदा विणलेला धागा उसवला तर सरळ होत नाही. त्याच्यात विणीची नागमोड राहते. आणि मायेतून उपसलेला पुन्हा मायेत बसत नाही, हे कुठल्याही रफूवालीला विचारा. ठकीला पोहायला येत नाही आता. आईच्या आवाजाची तिनं नव्यानं ओळख करून घेतली. बहीण म्हणते, हल्ली फोनवर फार लक्ष देऊन ऐकते गं ही.

ती डावरीच्या आईकडे जाऊन आली. एकटीच गेली. मी दारातच बसून होते.

“सांगितलंस?”

“हो.”

“काय म्हणाल्या?”

“काहीच नाही.” तिनं चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. “पण मी निघाल्यावर दार लावलं नाही त्यांनी. वळणावरून बघितलं, तोवर उघडंच होतं.”

मशीनचा पट्टा खुंटीलाच आहे. दुपारी मी बाकावर पाठ टेकते आणि ऐकते. गिरणी बंद असते, पंप बंद असतो. काही येत नाही. ठकीसुद्धा ऐकत असते, मला कळतं. ती आत, मी बाहेर, दोघी एकमेकींपासून लपवून.

फक्त एक झालंय. ठकी आता प्रत्येक रफूला शेवटी गाठ मारते. मी तिला एकदाही बोललेले नाही. गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येतात. परवा डॉक्टरच आले, या वेळी पँट घेऊन, टोचण्याची जागा सांगायचीही सोय नव्हती त्यांना.

“मावशी, तुम्हीच म्हणायचात ना, रफूला गाठ नसते?”

“नसते ती दुसऱ्यांच्या रफूला,” मी म्हटलं. “आमच्या घराण्याची खूण आहे ती. आमची आई मारायची, तिची आई मारायची. चेटकिणींचं रफू गाठीशिवाय धरतच नाही. बसा, सांगते.”

ते बसले. आत ठकीची सुई थांबली होती, ऐकायला. मी पँट उलटी करून त्या खड्यावर बोट ठेवलं, भिंग टेबलावर हाताशी होतं.

मी ते खणात टाकलं. पीळ कुठल्या बाजूचा आहे, ते हल्ली मी बघत नाही.